निरोगी माणसाचा डॉक्टर

डॉक्टर म्हटले की दवाखाना आणि दवाखाना म्हटले की आजारी माणूस, अशी सांगड आपल्या मनात पक्की बसलेली असते. वैद्यकाच्या कितीतरी शाखांची नावे अवयवांवरून किंवा रोगांवरून पडली आहेत : हृदयरोग, नेत्ररोग, अस्थिरोग, मनोविकार. या सर्व शाखांत रुग्णाभोवतीची परिस्थिती सर्वसाधारण असते, बिघाड असतो तो शरीरात. तो शोधून दुरुस्त करणे हे डॉक्टरचे काम.

वैद्यकाची एक शाखा मात्र नेमकी उलट्या बाजूने सुरू होते. तिच्याकडे येणारा माणूस ठणठणीत असतो. किंबहुना चारचौघांपेक्षा जास्तच. बिघडलेली असते ती त्याच्या भोवतालची परिस्थिती. हवा विरळ, दाब कमी, शरीराचे वजन कधी पाचपट तर कधी शून्य. विमान व अवकाश वैद्यक, म्हणजेच एरोस्पेस मेडिसिन, हे या शाखेचे नाव.

ठणठणीत माणसाला डॉक्टर कशासाठी लागतो, असे विद्यार्थी विचारतील. माणसाचे शरीर जमिनीवर राहण्यासाठी घडले आहे. उंच आकाशात गेले तरी ते जमिनीवरचेच नियम लावत राहते. त्यात चूक होते आणि चूक होते आहे हे त्या माणसाला कळत नाही. पोटात दुखू लागले तर आपण डॉक्टरकडे जातो. पण जो बिघाड दुखत नाही, ज्यात उलट बरेच वाटते, त्याचे काय? या शाखेचा सारा खटाटोप या एका प्रश्नाभोवती आहे. काही उदाहरणांवरून तो समजून घेऊ.

उंचावर नेमके काय कमी होते?

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे उत्तर वर्गात हमखास मिळते. ते बरोबर नाही. शंभर भाग हवेत २१ भाग प्राणवायू हे प्रमाण समुद्रकिनाऱ्यावर आणि विमानाच्या उंचीवर सारखेच असते. कमी होतो तो हवेचा एकूण दाब आणि त्याबरोबर त्यातील प्राणवायूच्या वाट्याचा दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो; त्यात प्राणवायूचा वाटा १६०. साडेपाच हजार मीटर उंचीवर हे दोन्ही आकडे निम्मे होतात. प्रवासी विमाने ज्या उंचीवरून जातात त्या १०,७०० मीटरवर हवेचा दाब उरतो सुमारे १८०.

आता एक छोटे गणित करू. श्वासावाटे आत गेलेली हवा फुप्फुसात पोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला येते आणि पाण्याच्या वाफेने भरते. या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो आणि तो उंचीप्रमाणे बदलत नाही. म्हणजे १०,७०० मीटरवर बाकीच्या वायूंसाठी १८० वजा ४७, म्हणजे १३३ मिलिमीटर उरले. त्याचे २१ टक्के म्हणजे सुमारे २८. शरीरभर फिरून, प्राणवायू वाटून, फुप्फुसाकडे परत येणाऱ्या ‘अशुद्ध’ रक्तात मात्र प्राणवायूचा दाब सुमारे ४० असतो. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातात. मग अशा हवेत श्वास घेतल्यास काय होईल? प्राणवायू रक्तात शिरण्याऐवजी रक्तातून बाहेर जाऊ लागेल! एरवी जीव वाचवणारा श्वास इथे उरलासुरला प्राणवायूही काढून घेतो. म्हणूनच या उंचीवर विमानातील दाब एकाएकी गेला तर माणसाला शहाणपणाने काही करता येईल असा वेळ फक्त ३० ते ६० सेकंदांचा मिळतो. ७,६०० मीटरवर तो तीन ते पाच मिनिटे असतो.

प्रवासी विमानात बाहेरची हवा दाबून आत सोडतात. तरीही आतला दाब समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत, कारण तेवढा फरक सोसायला विमानाचे कवच फार जड करावे लागेल. आत सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितका दाब राहिला तरी निरोगी माणसाला पुरतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे विमानात जेवणाचे ताट समोर घेऊन बसलेला प्रवासी शरीराच्या दृष्टीने कळसूबाईच्याही वर बसलेला असू शकतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही, पण फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना आजार असलेल्याला जाणवू शकते. अशा माणसाने प्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा तो यासाठी.

गुदमरल्यासारखे का वाटत नाही?

प्राणवायू कमी पडला की जीव गुदमरेल आणि आपल्याला कळेल, असे आपण गृहीत धरतो. पण गुदमरण्याची भावना मुख्यतः येते ती रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साठल्यामुळे. श्वास रोखून धरला की तो साठतो आणि काही वेळाने आपल्याला राहवत नाही. विरळ हवेत मात्र श्वासोच्छ्वास चालूच असतो, कार्बन डाय-ऑक्साइड बिनबोभाट बाहेर जात असतो. त्यामुळे धोक्याची घंटा वाजतच नाही. दरम्यान मेंदू मंदावत जातो. आणि आपण मंदावलो आहोत हे ओळखण्याचे कामही त्याच मेंदूकडे असते.

१५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तिघे जण ८,००० मीटरच्याही वर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायूच्या पिशव्या होत्या. पॉल बेर या शास्त्रज्ञाने तो साठा अपुरा असल्याचे पत्राने कळवले होते, पण पत्र वेळेवर पोचले नाही. मात्र जेवढा होता तेवढाही वेळेवर वापरला गेला नाही. गॅस्टन तिसांदिए तेवढे जिवंत परतले. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे वरच मरण पावले. तिसांदिए यांनी पुढे लिहिलेल्या हकिगतीत वेदनेचा उल्लेख नाही. त्या उंचीवर मन कसे निर्धास्त, आनंदी झाले होते आणि मग हात उचलावा म्हटले तरी उचलेना, याचे वर्णन आहे. पॉल बेर यांनी पोलादी कोठीत दाब कमी-जास्त करून प्रयोग केले आणि उंचीवरच्या त्रासाचे मूळ प्राणवायूच्या घटलेल्या दाबात आहे, हे १८७८ च्या आपल्या ग्रंथात मांडले. आजच्या विमान वैद्यकाचा पाया तिथे घातला गेला.

सव्वाशे वर्षांनंतरही हा धोका संपलेला नव्हता. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाबयंत्रणेचा खटका हाताने चालवण्याच्या स्थितीत राहून गेला होता. विमान वर चढू लागले तसा आतला दाब घटत गेला. धोक्याचा भोंगा वाजला, पण तोच भोंगा उड्डाणापूर्वीच्या दुसऱ्या एका सूचनेसाठीही वापरला जात असे. वैमानिकांची समजूत चुकली आणि ती सुधारण्याआधीच ते बेशुद्ध झाले. स्वयंचलित यंत्रणेवर विमान अथेन्सपर्यंत गेले, घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपल्यावर डोंगरावर कोसळले. १२१ जण दगावले. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानातही दाब राखणारा खटका चालू करायचा राहिला. तेथे मुखवटे खाली आले, विमान मुंबईला परतले आणि काही प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त येण्यावर निभावले.

‘आधी स्वतःचा मुखवटा लावा, मग शेजारच्या मुलाला मदत करा’ ही विमानातील सूचना अनेकांना स्वार्थी वाटते. वरचे गणित माहीत असलेल्याला ती तशी वाटणार नाही. मूल धडपडले आणि त्याला मुखवटा लावण्यात पाऊण मिनिट गेले तर लावणाराच बेशुद्ध होईल, आणि मग दोघांनाही वाचवणारे कोणी उरणार नाही.

पाचव्या मजल्यावरचे पाणी

लढाऊ विमान वेगाने वळते किंवा सूर मारून वर उचलते तेव्हा वैमानिकाचे वजन वाढल्यासारखे होते. हे किती पट झाले ते ‘जी’ या मापात सांगतात. ४ जी म्हणजे चौपट वजन. हात-पाय जड होतात ते सोसता येते. अडचण होते ती रक्ताची.

हृदय हा पंप आहे आणि डोके ही वरच्या मजल्यावरची टाकी. हृदयापासून डोळ्यापर्यंतची उंची सुमारे ३० सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटरइतका भरतो. हृदयाजवळ रक्ताचा सरासरी दाब १०० धरला तर डोळ्याशी तो ७७ राहतो. ३ जी झाले की स्तंभ तिप्पट जड. दाब उरला १०० वजा ६९, म्हणजे ३१. ४ जी ला उरले फक्त ८. जणू पंप तोच ठेवून इमारत चौपट उंच केली. शरीर हृदयाची गती आणि दाब वाढवून थोडी भरपाई करते, पण त्याला काही सेकंद लागतात आणि लढाऊ विमानात तेवढाही वेळ मिळेलच असे नाही.

डोळ्याच्या गोलात आतून सुमारे १५ मिलिमीटर दाब असतो. रक्ताचा दाब त्याखाली गेला की रक्त डोळ्यात शिरू शकत नाही. त्यामुळे आधी रंग फिके होतात, कडेचे दिसेनासे होते, मग डोळ्यांपुढे काळोख पसरतो. वैमानिक शुद्धीवर असतो, ऐकू येते, पण दिसत नाही. ही खरे तर सूचनाच असते. मात्र वळण फार झटकन घेतले तर ती मिळतही नाही, एकदम शुद्धच जाते. शुद्ध यायला आणि भान परतायला मिळून अर्धे मिनिट सहज जाते. विशेष म्हणजे आपण बेशुद्ध झालो होतो हे अनेकांना आठवतच नाही. प्रशिक्षणाच्या वेळी काढलेले चित्रीकरण दाखवल्यावर त्यांना पटते.

यावर उपाय म्हणून पोट, मांड्या आणि पोटऱ्यांना आवळणारा हवेचा पोशाख वापरतात, म्हणजे रक्त पायांत साचत नाही. शिवाय पायांचे व पोटाचे स्नायू आवळून, श्वास थोडा थोडा वेळ दाबून धरण्याची पद्धत शिकवतात. दोन्ही मिळून कसलेला वैमानिक काही सेकंद ९ जी सुद्धा सोसतो.

कान खोटे बोलतो तेव्हा

हा प्रयोग शाळेत करता येईल. कार्यालयातल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर एका विद्यार्थ्याला बसवा, डोळे बांधा आणि ज्या दिशेने फिरत असल्यासारखे वाटेल तिकडे अंगठा दाखवायला सांगा. खुर्ची एकाच वेगाने, फार जोरात नव्हे, फिरवत राहा. अर्ध्या मिनिटाच्या आत तो थांबल्याची खूण करेल. मग खुर्ची हळूच थांबवा. आता तो उलट दिशेने फिरतो आहे असे सांगेल! पडू नये म्हणून दोघांनी शेजारी उभे राहावे आणि ज्याला फिट्स येतात किंवा चटकन मळमळते त्याला बसवू नये.

असे का होते? आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरू लागले की नलिका फिरते, द्रव मागे राहतो आणि त्यामुळे वाकणाऱ्या केसांसारख्या संवेदी पेशी मेंदूला खबर देतात. फिरणे एकाच वेगाने चालू राहिले की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, केस सरळ होतात आणि खबर थांबते. खुर्ची थांबली तरी द्रव फिरत राहतो, केस उलट वाकतात. अगदी सावकाश सुरू झालेली हालचाल तर कानाला समजतही नाही. जमिनीवर इतका वेळ गरगर फिरण्याची वेळ येत नाही, म्हणून ही व्यवस्था आपल्याला पुरते. ढगात किंवा अंधारात, जिथे डोळ्याला क्षितिज दिसत नाही, तिथे ती घात करते.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान मुंबईहून दुबईला जाण्यासाठी उडाले आणि १०१ सेकंदांत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मुख्य वैमानिकासमोरचे क्षितिजदर्शक बिघडले होते. विमान जवळपास सरळ झाले असतानाही ते उजवीकडे कललेलेच आहे असे उपकरण दाखवत राहिले. वैमानिकाने ते डावीकडे वळवले, आणखी वळवले. खाली काळोखी समुद्र, समोर काळोखे आकाश. दिवसा जे खिडकीतून नजर टाकताच लक्षात आले असते ते तपासायला काही साधन नव्हते आणि आपण कलंडतो आहोत हे शरीराने सांगितले नाही. म्हणून आज वैमानिकाला शिकवतात की शरीरावर विसंबू नये, उपकरणावर विसंबावे, आणि एका उपकरणावर न विसंबता दुसऱ्याशी व तिसऱ्याशी ताडून पाहावे.

औषधाऐवजी ओळख

या तिन्ही बिघाडांवर गोळी नाही. त्यामुळे या शाखेतले डॉक्टर एक वेगळी गोष्ट करतात. हा अनुभव ते वैमानिकाला जमिनीवर, आपल्या देखरेखीखाली, आधीच देतात. हवा काढून घेता येणाऱ्या बंद कोठीत त्याला बसवतात, मुखवटा काढायला सांगतात आणि साध्या वजाबाक्या करायला देतात. तो हसत हसत चुकीची उत्तरे लिहितो. अक्षर वाकडे होत जाते. मुखवटा पुन्हा लावल्यावर आपलाच कागद पाहून चकित होतो. कोणाची बोटे मुंग्या आल्यासारखी होतात, कोणाला उगाच आनंद होतो, कोणाला अंगात ऊब वाटते. प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती एकदा ओळखीची झाली की पुढे कधी वर तीच जाणवल्यास हात आपोआप मुखवट्याकडे जावा, एवढाच हेतू. अपकेंद्री यंत्रात, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवून गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, जी चा अनुभव अशाच रीतीने देतात.

अवकाशात शरीराचा काटकसरीपणा

अवकाशात वजन नाहीसे होते तेव्हा शरीर पुन्हा जमिनीचा हिशेब लावते. पायांतले रक्त वर ढकलण्याची व्यवस्था चालूच राहते, पण खाली ओढणारे काही नसते. त्यामुळे छाती आणि डोक्याकडे द्रव जमतो. चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. शरीराला वाटते पाणी जास्त झाले, म्हणून ते रक्तातील पाणी कमी करते. वर हे ठीक चालते. परतल्यावर उभे राहताच चक्कर येते, कारण आता तेच रक्त कमी पडते. अंतर्कर्णाच्या गोंधळामुळे बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस मळमळते.

हाडांचे तसेच. ज्या हाडांवर भार नाही ती कशाला सांभाळायची, असा शरीराचा व्यवहार असतो. कमरेच्या हाडातील खनिज महिन्याला १ ते दीड टक्क्याने घटते. हा रोग नव्हे, वजन नसलेल्या जागी ही शहाणपणाची काटकसरच आहे. फक्त त्या माणसाला घरी परतायचे असते. म्हणून अवकाशस्थानकावर रोज सुमारे दोन तास पट्ट्यांनी बांधून धावणे, सायकल, ताण देणारी यंत्रे असा व्यायाम सक्तीचा असतो. डॉक्टर तिथे शरीराला जणू खोटेच सांगत असतात की अजून तू पृथ्वीवर आहेस.

आपल्याकडे

भारतात या विषयाचे मुख्य केंद्र म्हणजे बंगळूरची हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. १९५७ साली ते सुरू झाले. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा साल्यूत-७ स्थानकावर गेले तेव्हा वजनरहित अवस्थेत योगासनांचा उपयोग होतो का, हा त्यांच्या प्रयोगांपैकी एक होता. २०१९ पासून गगनयानासाठीच्या वैमानिकांची वैद्यकीय निवडही या संस्थेत झाली. त्यांतील शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर १८ दिवस राहून आले. एम.बी.बी.एस. नंतर या विषयात एम.डी. करता येते. शरीरक्रियाशास्त्राबरोबर ज्याला भौतिकशास्त्राचीही गोडी आहे अशा विद्यार्थ्याला हा रस्ता दाखवायला हरकत नाही.

या डॉक्टरांची एक अडचण मात्र पुस्तकात शिकवून संपत नाही. इतर दवाखान्यांत रुग्ण बारीकसे दुखणेही सांगतो. इथे समोरचा माणूस दुखणे लपवतो, कारण तपासणीत नापास झाला तर उड्डाण बंद. म्हणून वैमानिकाचा विश्वास मिळवणे हे रक्तदाब मोजण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

हे सारे फार दूरच्या जगातले वाटत असेल तर २०२०-२१ ची कोविडची साथ आठवावी. फोनवर नीट बोलणाऱ्या, ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेलेला असे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हा घरोघरी आला. फुप्फुसे आजारी असली तरी कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर जात राहिल्याने धाप लागत नव्हती, हे त्यामागचे एक कारण. ‘झेनिथ’मधल्या तिघांजवळ असे उपकरण नव्हते. आज ते आपल्या कपाटात आहे. बरे वाटणे आणि बरे असणे यांत अंतर असू शकते, हे मुलांना पटवायला शिक्षकांना यापेक्षा जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.